चित्राआधी आलेलं उत्तर

उत्तर अगदी बरोबर होतं. पंचाईत एवढीच, की ते प्रश्नाच्या आधी आलं होतं.

साल २०४८. बार्शीच्या बालमेंदू केंद्रातल्या काचेच्या खोलीत सहा वर्षांचा रेवण पडद्यासमोर बसला होता. मघाशी दाखवलेलं चित्र पुन्हा आलं तर हिरवी कळ दाबायची, नवीन आलं तर पिवळी, असा तो खेळ. शेजारी उभा असलेला ‘पारख’ नावाचा यंत्रमानव त्याच्या बोटाची प्रत्येक हालचाल टिपत होता. काचेबाहेर बाबा होते, डॉ. मुलाणी होत्या आणि रेवणची बारा वर्षांची बहीण ईश्वरी होती.

“शंभरपैकी शहाण्णव,” पारख दार उघडत म्हणाला. “पण डॉक्टर, तीन वेळा कळ दाबली गेली तेव्हा चित्र पडद्यावर पुरतं उमटलंही नव्हतं. इतक्या लवकर ते कोणाच्याच डोळ्यांना दिसणार नाही.”

“बोट घसरलं असेल. या वयाची मुलं उतावळीच असतात,” डॉ. मुलाणी म्हणाल्या.

“नियमाप्रमाणे तीन उत्तरं गाळता येतात. गाळू?”

बाबांनी शहाण्णवच्या पुढचं काही ऐकलंच नव्हतं. “मंग मॅडम, रविवारी पोरगं मल्लखांबावर चढलं तर चालंल न्हवं? जिल्ह्याचं प्रात्यक्षिक हाय. समद्यात वरचा गडी आमचा रेवण!”

ईश्वरीने दप्तर छातीशी घट्ट धरलं. उत्तर चित्राआधी कसं आलं, हे त्या इमारतीत दोघांनाच ठाऊक होतं. एक ती आणि दुसरा रेवण.

पाच आठवड्यांपूर्वीची गोष्ट. घरामागच्या मल्लखांबावर ती रेवणला नवी उडी शिकवत होती. खाली अंथरायची गादी पत्र्याच्या खोलीत होती, आणि ती ओढत आणायचा तिला कंटाळा आला. एकदाच तर चढायचंय, ती म्हणाली. रेवणचा हात निसटला आणि डोकं जमिनीवर आपटलं. त्याला तीन उलट्या झाल्या. स्कॅनमध्ये मात्र ना हाडाला चीर दिसली, ना रक्तस्राव. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

पण घरी आला तो पहिला रेवण नव्हताच. त्याला उजेड सोसत नव्हता. पंख्याच्या आवाजाने तो रडायचा. जेवताना घास हातातच राहायचा आणि तो भिंतीकडे बघत बसायचा. ईश्वरीला कोणी एका शब्दाने बोललं नाही. कोणीतरी दोन थपडा मारल्या असत्या, तर बरं वाटलं असतं तिला.

“मेंदू डब्यातल्या दह्याइतका मऊ असतो,” डॉ. मुलाणींनी पहिल्याच भेटीत समजावलं होतं. “डबा आपटला तर फुटत नाही, पण आतलं दही हादरतं. हा झाला मेंदूचा मुका मार (डोकं न फुटता मेंदूच्या कामात होणारा बिघाड). पेशी जागच्या जागी असतात, पण त्यांचं काम मंदावतं. म्हणून स्कॅनमध्ये काही दिसत नाही. मोठं माणूस निदान सांगतं, डोकं जड झालंय, काही सुचत नाही. सहा वर्षांच्या मुलाकडे ते सांगायला शब्द नसतात. म्हणून ही चित्रांची चाचणी. यात स्मरण कळतं आणि प्रतिसादकाळ (चित्र दिसल्यापासून कळ दाबेपर्यंतचा वेळ) कळतो, तोही सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. पेशी सावरल्या की वेळ पूर्वपदावर येतो. तोवर दुसरा मार बसता कामा नये.”

मग त्यांनी खिडकीपाशी बसलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीकडे पाहिलं होतं. पहिला मार भरून येण्याआधीच ती पुन्हा खेळायला उतरली होती आणि पुन्हा पडली होती. एक परिचारिका तिला चमचा धरायला शिकवत होती. आजही तेच चाललं होतं.

डॉक्टरांचं सगळं बोलणं ईश्वरीने ऐकलं होतं, पण तिच्या डोक्यात एकच शब्द घर करून बसला, चाचणी. आपल्याकडे चाचणी म्हटलं की आधी सराव आलाच. ईश्वरी तर शिष्यवृत्तीच्या परीक्षेत जिल्ह्यात चौथी आलेली! केंद्रात चित्रांचे तीन संच वापरात होते आणि ते आळीपाळीने दाखवले जात. दर भेटीत काचेबाहेर उभं राहून तिने ते क्रमाने पाठ केले आणि घरी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर चित्रं काढली. मग रोज दुपारी दार लावून घोकंपट्टी सुरू झाली. ससा, हिरवी. किल्ली, पिवळी. छत्री, हिरवी.

“ताई, डोकं दुखतंय गं.”

“एवढं एकदाच, रेवू.”

तो डोळे दाबून धरायचा आणि पुन्हा म्हणायचा, ससा, हिरवी.

आता डॉ. मुलाणींनी परवानगीच्या सहीसाठी पाटी पुढे ओढली. खिडकीतल्या मुलीच्या हातून चमचा पडला. त्या आवाजासरशी रेवणने दोन्ही कान गच्च झाकून घेतले.

“मॅडम, सही करू नका!” ईश्वरी ओरडली. “त्याला दिसलं नव्हतं. त्याला पाठ होतं. मी पाठ करून घेतलं.”

दप्तरातून तिने पत्रिकांचा गठ्ठा काढून मेजावर ठेवला. बाबांनी वरची पत्रिका उलटली.

“अगं, पर का?”

“तो पास व्हावा म्हणून. सगळं पहिल्यासारखं व्हावं म्हणून.”

डॉ. मुलाणींनी एकेक पत्रिका पाहिली. “याला सरावपरिणाम म्हणतात (तेच ते पुन्हा केल्याने, मेंदू बरा न होताही गुण वाढणं). तापमापी गार पाण्यात बुडवली म्हणून ताप उतरत नाही, ईश्वरी. पारख, कपाटातला राखीव संच लाव.”

चौथ्या संचातलं पहिलंच चित्र जात्याचं होतं. रेवणचं बोट हिरव्यावर गेलं, पिवळ्यावर गेलं आणि मध्येच थांबलं. दहाव्या चित्राला त्याचे डोळे भरून आले. “हे ताईने शिकवलं नव्हतं,” तो म्हणाला.

“एक्केचाळीस,” पारखने आवाज खाली आणून सांगितलं. “प्रतिसादकाळ त्याच्या वयाच्या मुलांच्या जवळजवळ दुप्पट.”

“मी नापास झालो?” रेवणने विचारलं. “आता मला पण त्या खिडकीतल्या ताईसारखं इथंच ठेवणार?”

म्हणजे इतके दिवस, डोकं ठणकत असताना, तो या भीतीने घोकत होता. ईश्वरीला ते आता कळलं आणि ती ढसाढसा रडली.

“इथे पास-नापास नसतं, बाळा,” डॉ. मुलाणी त्याला जवळ घेत म्हणाल्या. “तुझ्या मेंदूला अजून विश्रांती हवीय, एवढंच या खेळाने आम्हाला सांगितलं.” मग त्या ईश्वरीकडे वळल्या. खोटा दिलासा द्यायचा त्यांचा स्वभाव नव्हता. “थकल्या मेंदूला तू कामाला जुंपलंस. बरं व्हायला आणखी दोन महिने लागतील, कदाचित जास्तही. पण तू आता बोलली नसतीस, तर रविवारी तो खांबावर असता.”

“या पत्रिका मला मिळतील?” पारखने विचारलं. “मुलांना काय पाठ होतं, हे यांवरून शिकेन. मग दर वेळी कोणी न पाहिलेली चित्रं काढता येतील. सगळ्याच मुलांसाठी.”

ईश्वरीने गठ्ठा त्याच्या हातात दिला.

रविवारी संध्याकाळी तिने पत्र्याच्या खोलीतून गादी एकटीने ओढत आणली आणि मल्लखांबाखाली अंथरली. रेवण टोपी डोळ्यांवर ओढून बाहेर आला.

“चढू?”

“नाही.”

“मग ससा, हिरवी?”

“तेही नाही. आता कधीच नाही.”

त्याने खांबाला एकदा हात लावला. मग गादीवर आडवा झाला आणि ताईचा हात कपाळावर ओढून घेऊन झोपी गेला. अंधार पडेपर्यंत ईश्वरीने तो हात हलवला नाही.