कोठारातली शांतता

"शू! आता कुणी श्वाससुद्धा मोठ्यानं घ्यायचा नाही!" प्रेरणानं ओठांवर बोट ठेवलं.

"का गं? कोण गेलं?" शिवम कुजबुजला.

"गप रे!" रुक्सारनं त्याला कोपर मारलं.

मंगल कार्यालयाच्या कोठारात, कांद्याची पोती आणि गॅसच्या टाक्या यांच्यामध्ये, तिघं खांबासारखी उभी राहिली. पुंडलिकनगरातल्या वस्ती-रेडिओसाठी सुट्टीत त्यांना एक माहितीपट करायचा होता. लग्न वाजतं-गाजतं ते कुणाच्या हातांनी? बँडवाले, मांडववाले, आचारी, पोळ्या लाटणाऱ्या बाया. त्या बायांमध्ये प्रेरणाची आईही होती. आचारी पुंजारामकाकांचं बोलणं नुकतंच इथं रेकॉर्ड झालं होतं. आता राहिली होती नुसती शांतता. रेडिओचे नूरमोहम्मद चाचा बजावून सांगायचे, "जिथं बोलणं घेतलं, तिथली खामोशीपण घेऊन या. हर जागेची खामोशी निराळी असते. तुकडे जोडताना मधे तीच लावावी लागते."

बाहेर मांडवात येऊन प्रेरणानं हेडफोन कानाला लावले आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"काय गं?" रुक्सारनं विचारलं.

"शांततेत काहीतरी आहे. स्स्स्... असं सारखं चाललंय."

"साप असंल! पोत्याखाली!" शिवमनं पाय वर घेतले.

"साप दम खातो रे. हे थांबतच नाही."

रुक्सारनंही ऐकलं. "मशीनच खराब झालं असेल, यार."

"मग इथली शांतता घेऊन बघू."

मांडवात रेकॉर्ड केलं. दूर बँडवाले भांडत होते, चिमण्या होत्या, पण ते स्स्स् नव्हतं! मशीन चांगलं होतं. आवाज कोठारातलाच होता. कोठारात होतं तरी काय? कांदे आणि टाक्या. टाक्यांची नळी भिंतीतून पलीकडच्या मुदपाकखान्यात जात होती, आणि तिथं मोठ्या शेगड्या पेटल्या होत्या. शेगडीपुढं आई बसली होती.

प्रेरणानं हेडफोन गळ्यात ओढले.

ती पळत कोठाराशी गेली. दारातच सडका वास नाकात घुसला. सकाळपासून तो येतच होता, पण आता जास्त वाटत होता. कार्यालयाचे मॅनेजर काकासाहेब नाकाला रुमाल लावून तिथंच उभे होते.

"काका, गॅस गळतोय! आम्ही आवाज ऐकला!"

"कांदे सडलेत कांदे! चार दिस झाले सांगतोय, पोती हलवा म्हणून. गॅस म्हणं! चितेगावहून नवरदेवाकडची माणसं निघाली, अन् ही पोरं मला गॅस शिकवतेत!" मग त्यांनी गड्याला आवाज दिला, "सांडू! धूप पेटवून आण रं! वास मारून टाकू एकदाचा."

धूप! म्हणजे जळता निखारा!

प्रेरणा आईकडं धावली. "आई, बाहेर चल! आत्ता!"

आईचं लाटणं थांबलं नाही. "असं कसं उठू, बाळा? निम्म्या पोळ्या राहिल्यात. काकासाहेबांना सांग. ते म्हणले तर उठू सगळ्या."

काकासाहेब तर ऐकत नव्हते! तेवढ्यात रुमाल काढून मिशी वर वळवणारे काकासाहेब तिला दारात दिसले आणि एक युक्ती सुचली.

"काका," ती जमेल तितक्या गोड आवाजात म्हणाली, "माहितीपटात सगळ्यांच्या मुलाखती झाल्या. एवढं मोठं कार्यालय चालवणारा माणूसच राहिला. बोलता का?"

काकासाहेबांनी खिशातून कंगवा काढला. "रेडिओवर? माझं? अख्ख्या वस्तीला ऐकू येईल का?"

"हो ना! पण शेगड्यांचा फार आवाज येतो. त्या बंद करायला सांगा. अन् बायांना लांब, मांडवाच्या टोकाला बसवा. भांडं वाजलं तर तुमचं बोलणं बिघडेल."

"पुंजाराम! शेगड्या बंद कर! बायांनो, चला बाहेर! मुलाखत हाय माझी!" काकासाहेब गरजले. "पंखा बी बंद करू?"

"नको!" प्रेरणा जवळजवळ किंचाळली. गॅस असताना बटणाला हात लावायचा नाही, हे तिला ठाऊक होतं. "पंखा... पंखा चालतो आम्हाला!"

बाया कुरकुरत बाहेर पडल्या. आई सगळ्यात शेवटी निघाली. अजून थोडी लांब जा, आई. अजून थोडी!

तेवढ्यात धूर दिसला. सांडू निखाऱ्यांचं धुपाटणं झुलवत सरळ कोठाराकडं निघाला होता.

"सांडूमामा, थांबा!" रुक्सार आडवी झाली.

"सरक पोरी, भाजशील!"

शिवमनं इकडंतिकडं बघितलं. मठ्ठ्याची बादली! त्यानं ती उचलली आणि सांडूमामासकट धुपाटण्यावर रिकामी केली. चर्र... निखारे विझले!

"अरे गाढवा!" काकासाहेबांचा आवाज मांडवभर घुमला. "पाहुण्यांचा मठ्ठा!"

"आधी हे ऐका, काका!" प्रेरणानं हेडफोन त्यांच्या कानांवर बसवले. "ही तुमच्या कोठारातली शांतता."

काकासाहेब ऐकू लागले. तोंड उघडंच राहिलं. मग त्यांनी कोठाराकडं, मिशीतून मठ्ठा ठिबकणाऱ्या सांडूकडं आणि विझलेल्या धुपाटण्याकडं पाहिलं. ते मटकन खुर्चीत बसले.

पुंजारामकाकांनी तोंडाला फडकं बांधलं, टाक्यांची तोंडं बंद केली आणि टाक्या नळीसकट मोकळ्यावर आणल्या. नळीचं शेगडीकडचं तोंड बंद करून, तिच्यावर साबणाचा फेस लावून त्यांनी फक्त एक टाकी जरा उघडली. एका जागी फेसाला भराभर फुगे आले. नळी उंदरानं कुरतडली होती!

गॅसवाल्यानं येऊन नळी बदलली. कोठार उघडं ठेवून वारं खेळवलं. नूरमोहम्मद चाचाही धावत आले. तिघांच्या डोक्यांवरून हात फिरवत ते म्हणाले, "शाबास! मी शांतता घ्यायला शिकवलं, बेटा. ती ऐकायला तुम्ही शिकलात."

काकासाहेब खाली मान घालून म्हणाले, "माझंच चुकलं, पोरांनो. वास येत व्हता, पण मी कांद्याला दोष देत बसलो." मग हळूच विचारलं, "ती मुलाखत... अजून घ्यायची हाय का?"

"घेऊ की!" शिवम म्हणाला. "पण आधी सांडूमामांना कोरडा सदरा द्या."

वेशीवर बँड वाजू लागला. वऱ्हाड आलं होतं आणि पोळ्या अजून निम्म्या राहिल्या होत्या. काकासाहेब घाम पुसू लागले. आईनं पिठाळ हातांनी प्रेरणाचं तोंड धरलं, घट्ट धरलं, मग पदर खोचून ती शेगडीकडं वळली.

"पाहुण्यांना सांगा, काकासाहेब," ती मोठ्यानं म्हणाली, "आज पंगत उशिरा बसंल. अन् उशीर माझ्या लेकीनं केलाय, हे बी सांगा!"