अर्ध्या तासाचा विमानप्रवास

विश्वास ठेवा, नका ठेवू. विमानात मी होते आणि शेजारी माझा नवरा होता.

दुष्काळाचं साल, २०१६. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं आणि उदगीर नवा जिल्हा होणार, अशी चर्चा सुरू होती.

आम्ही लातूरहून नांदेडला लग्नाला गेलो होतो. लातूरचे डाळ मिलवाले बसलिंगप्पा काका भाड्याचं छोटं विमान घेऊन आले होते. परत जाताना दोन जागा रिकाम्या होत्या.

"चल की शिवकांता," काका म्हणाले. "लोहा गावावरून गाडीनं सारी दुपार जाईल. वरून अर्धा तास!"

हे म्हणाले, "नको."

का नको, ते मला माहीत होतं. यांची पहिली बायको उमाबाई विष्णुपुरीची, नांदेडजवळच्या धरणाच्या गावची. तिला विमानात बसवायचं यांनी कबूल केलं होतं. त्याआधीच ती तापानं गेली.

लग्नाला सहा वर्षं झाली होती, तरी घरात तिचंच चालायचं. भाजीत तिच्यासारखं मीठ, दारात तिच्यासारखी रांगोळी.

निदान विमान तरी माझं असू दे!

"मी बसणार," मी म्हटलं.

भर दुपारी विमान उडालं. हे खिडकीशी, मी यांच्या शेजारी. आवाज एवढा, की बोलणं अशक्य.

थोड्या वेळानं मी यांच्याकडे पाहिलं...

हे खिडकीकडे तोंड करून हसत होते.

ओठ हलत होते. मधेच थांबायचे... मान डोलवायचे... जणू कुणी उत्तर देत होतं.

मी हात धरला. यांनी वळून पाहिलं नाही. फक्त हात सोडवून घेतला.

लातूरला उतरलो. काका घड्याळ बघून म्हणाले, "बरोबर अर्धा तास!"

उन्हात मी यांचा चेहरा पाहिला.

सकाळी लग्नघरी माझ्यासमोर यांनी दाढी केली होती. आता गालांवर चार दिवसांचे खुंट होते...

"लई दूर हाय गं लातूर," हे म्हणाले. "पण तू बोलून राहिली, वेळ कळलाच न्हाई."

"मी? मी कुठं बोलले?"

"आन् मग कोन? धरणाच्या भिंतीवर बसायचो, ते समदं सांगितलंस की."

मी आजवर विष्णुपुरी पाहिलेली नाही.

"अजून काय बोलले मी?"

हे लाजले. सहा वर्षांत माझ्यासमोर कधी लाजले नव्हते.

"चल, तुलाच काय परत सांगू?"

ती काय बोलली, ते मला अजून कळलेलं नाही. रात्र रात्र तेच डोक्यात फिरतं. माझ्याशी हे दोन शब्दांच्या वर बोलत नाहीत... आणि तिच्याशी इतकं?

परवा हे आपणहून म्हणाले, "दिवाळीला परत विमानानं जाऊ. आपण दोघंच."

दोघं म्हणजे कोण...

विचारायची माझी हिंमत झाली नाही.