हनुमानाची नजर

गुरुवारी सकाळी लामदुआन बाजारातून पूजेचं सामान घेऊन आली. उकडलेलं डुकराचं डोकं, केळ्यांचा घड, मोगऱ्याचे हार. गुरुपूजेला एवढं लागतंच. डोक्याचा एक कान जरा फाटका निघाला, म्हणून वाटभर ती खाटकिणीच्या नावानं पुटपुटत होती. खरी धास्ती वेगळीच होती.

थायलंडमधल्या अयुथया गावातल्या त्या नदीकाठच्या घरात तीन पिढ्या रामकथेच्या नाटकाचे मुखवटे होत आले होते. साच्यावर कागदाचे थर चढवायचे, रकच्या झाडाच्या काळ्या, बिब्ब्यासारख्या उतणाऱ्या चिकानं नक्षी बसवायची, मग सोन्याचा वर्ख, मग रंग, आणि सगळ्यात शेवटी डोळे. डोळे उघडेपर्यंत तो नुसता कागद. उघडले की देव. ज्याचा हात गुरूनं आपल्या हातात धरून एकदा डोळा काढवून घेतला असेल, त्यानंच हे काम करायचं. वीस वर्षं शिकवूनही विचियन गुरुजींनी लामदुआनचा हात कधी धरला नाही.

"नक्कल झकास करतेस," ते म्हणायचे. "तुझी स्वतःची रेघ दिसू दे, मग बघू."

"तुमचा हात कुणी धरला होता?"

"माझं लक्ष डोळ्यावर होतं. इकडंतिकडं बघायला फुरसत कुणाला? तूही बघू नकोस."

पावसाळ्याच्या तोंडी गुरुजी गेले. त्यानंतरच्या या पहिल्याच हनुमानाला लामदुआननं भुवई निराळी काढली. गुरुजींची भुवई शांत असायची, ही टोकाशी वर उडालेली, आता खोडी काढणार अशी. तिला ती फार आवडली होती, आणि आवडली म्हणूनच भीती वाटत होती.

ओट्यावर बुनचुआय काका येऊन बसलेच होते. चाळीस वर्षं हनुमान नाचलेला माणूस. दुपारच्या पूजेत हा मुखवटा तेच घालणार होते.

"गुरू गेला नि चेली शेफारली," भुवई बघून ते म्हणाले. "आणि डोळे कोण काढणार? तुझा तर हात..."

"मीच काढणार, काका."

"बघ बाई. आंधळा देव मी डोक्यावर घेणार नाही. आणि मी रिकामा परत गेलो, तर उद्यापासून या दारात काळं कुत्रं फिरकायचं नाही."

हे खरं होतं. आत जाऊन तिनं दार लोटलं.

फळीवर एका बाजूला वानरांचे मुखवटे, दुसऱ्या बाजूला राक्षसांचे, आणि त्यांची जुंपू नये म्हणून मधे म्हाताऱ्या ऋषीचा. खिडकीतून लख्ख ऊन आलं होतं. तिनं ऋषीला हार घातला, हनुमान समोर ठेवला आणि बैलाच्या कानातल्या केसांचा बारीक कुंचला शाईत बुडवला.

उजवा डोळा झाला. अगदी गुरुजींचा. त्या उडालेल्या भुवईखाली तो उसना वाटत होता. डाव्यासाठी कुंचला उचलला, तर हात थांबेना इतका कापत होता.

मग नदीवरच्या होडीचं इंजिन ऐकू येईनासं झालं. ताज्या चिकाचा उग्र वास आला. चिकाचं मडकं महिनाभर बांधून ठेवलेलं होतं.

तिच्या मनगटावर हात पडला.

गार, कोरडा, खरबरीत. तो तिला कुठंही नेत नव्हता, फक्त घट्ट धरून होता. कापरं थांबलं. तिनं नजर डोळ्यावरून हलवली नाही.

"गुरुजी...?"

तिनं रेघ ओढली. टोकाशी ती भुवईसारखीच वर गेली, एका दमात. मग उजव्या डोळ्याचा कोपराही तिनं तसाच उचलला. हात सुटला, आणि होडीचं इंजिन पुन्हा ऐकू आलं.

बुनचुआय काका आत आले आणि हात जोडून त्यांनी मुखवटा चढवला. मान सावकाश इकडून तिकडे फिरवली.

"ही नजर विचियनची नाही," आतून आवाज आला. "चाळीस वर्षांत मी हिच्यातून बघितलेलं नाही. पोरी, ही तुझी आहे."

लामदुआनला रडू फुटलं. एवढा अभिमान तिला जन्मात वाटला नव्हता. "त्यांनी हात धरला माझा, काका. शेवटी धरलाच. हे बघा."

मनगटावर बिब्बा उतावा तसा लालभडक पंजा उठला होता. वीस वर्षं त्यात हात घालूनही तिला चीक कधी उतला नव्हता.

काकांनी मुखवटा काढून खाली ठेवला. कौतुकानं तिचा हात हातात घेतला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"कुठं बसली होतीस?"

"इथंच. गुरुजी मागून..."

"मागून धरलं तर बोटं तुझ्या बोटांकडे असतील ना?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं. "ही बघ... टोकं कोपराकडे आहेत. समोरून धरलंय."

तेव्हा तिच्या समोर फक्त हनुमान होता.

दोघंही त्याच्याकडे बघत राहिली. काका चाळीस वर्षं या कामात मुरलेले. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि मुखवटा उचलला.

दुपारी मंडपात ढोल सुरू झाला. हनुमान उतरला, भुवई उडवून लोकांकडे वळला, आणि पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या उठून उभ्या राहिल्या. कुणाचं काम म्हणून विचारलं गेलं, तेव्हा लामदुआननं मान ताठ ठेवून स्वतःचं नाव सांगितलं.

ढोलाच्या प्रत्येक ठेक्याला तिचं मनगट हलकेच दाबलं जात होतं. तिनं ते सोडवून घेतलं नाही.