नू नदीच्या वळणावर

ही गोष्ट खरी आहे. तुम्ही विश्वास ठेवावा असा माझा हट्ट नाही. मलाच तो कधी बसतो, कधी बसत नाही.

आमचं घर बौद्ध. आत्मा, भूत असलं काही आम्ही मानत नाही. लहानपणी कोणी भुताच्या गोष्टी सांगायला लागलं की बाबा उठवून घरी न्यायचे.

आणि हे घडलं तेही रात्री नाही... लख्ख उन्हात.

२००६ सालचा डिसेंबर. चीनमधला युनान प्रांत, नू नदीचं खोरं.

मी उल्हास. सिंगापूरला जहाजांच्या इंजिनांवर काम करतो. माझी थोरली बहीण भावनाताई आणि तिचे मिस्टर प्रबोध भावोजी सिंगापूरमध्येच, यिशुनला राहायचे. भावोजी जुरोंग आयलंडवरच्या रिफायनरीत इंजिनिअर. दोघांना सायकलचं भलतं वेड. रविवारी उजाडता उजाडता निघायचे, पार चांगीच्या समुद्रापर्यंत जायचे आणि तिथल्या हॉकर सेंटरमध्ये खाऊनच परतायचे. नू नदीच्या काठाने सायकलवर जायचं, हे ताईचं स्वप्न होतं.

आदल्या वर्षी तिला डेंग्यू झाला. आठवडाभरात गेली.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला. पुढे कितीतरी महिन्यांनी भावोजी म्हणाले, "उल्हास, तिची ट्रिप राहिली रे. येतोस?"

त्यांना एकटं कसं सोडणार? गेलो.

लिउकु गावातून निघालो. एका हाताला उभा डोंगर, दुसऱ्या हाताला खोल खाली नदी. हिरवीगार. तिचा आवाज इतका, की एकमेकांशी ओरडून बोलावं लागे.

सुरुवात छान झाली. मग एका ठिकाणी दरड कोसळलेली. मजूर दगड बाजूला करत होते. लाल झेंडा घेतलेल्या माणसाने आम्हाला पुढे सोडलं आणि मागच्या ट्रकला मात्र हात दाखवून थांबवलं.

तो आमच्या आणि ट्रकच्या मधल्या रिकाम्या रस्त्याकडे बघत होता.

मग हसला. मान हलवली. कोणालातरी "या, या" केल्यासारखा झेंडा हलवला...

तिथे कोणीच नव्हतं.

"कोणाला बोलावतोय हा?" भावोजींनी विचारलं.

"असेल कोणीतरी," मी म्हणालो.

त्या दिवशी उतारावर मला मागून ब्रेकचा आवाज यायला लागला. बारीक, किंचाळल्यासारखा.

वळून बघितलं... कोणी नाही.

दुपारी चढ संपल्यावर एक छोटं दुकान लागलं. एक म्हातारी नूडल्स करत होती. आम्ही बसलो आणि ती माझ्यावरच उखडली. कामावरच्या चिनी मित्रांमुळे मला मोडकंतोडकं मँडरिन येतं. आधी वाटलं, मला नीट कळलं नाही. पुन्हा विचारलं.

"काय म्हणते?" भावोजी म्हणाले.

"काही नाही."

"उल्हास. काय म्हणते?"

सांगावंच लागलं. "म्हणते, ती बिचारी सायकल ढकलत चढतेय आणि तुम्ही दोघं आधी येऊन जेवायला बसलात?"

भावोजींच्या हातातल्या जेवणाच्या काड्या खाली पडल्या.

"विचार तिला... कशी दिसते?"

म्हातारीने रस्त्याकडे बघत बघत सांगितलं. पिवळं जाकीट. लांब वेणी. हेल्मेट डोक्यावर नाही, हँडलला अडकवलंय.

"चढावर काढायचीच ती," भावोजी पुटपुटले. "किती ओरडायचो मी."

ते उठून उताराने धावत सुटले. मी बराच वेळ दारात उभा होतो. परत आले ते एकटेच. नूडल्स गार झाल्या होत्या.

त्यानंतर भावोजी मागेच राहायला लागले. प्रत्येक वळणावर उतरायचे, मागे तोंड करून हाक मारायचे.

"भावना, ये गं सावकाश. थांबलोय मी."

मला ते ऐकवत नसे. मी पुढे निघून जायचो.

मुक्कामाचं गाव, गोंगशान, जवळ आलं होतं. एका मोठ्या वळणावर मी त्यांची वाट बघत थांबलो. आणि अचानक...

नदीचा आवाज बंद झाला.

पाणी तर वाहत होतं. आवाज नव्हता.

मागे बघितलं. भावोजी रस्त्यात उभे होते. आणि त्यांच्यासमोर, हातभर अंतरावर, ताई.

पिवळं जाकीट. कपाळावर घामाने चिकटलेले केस. ती त्यांच्याकडे बघत होती. आणि ते तिच्या आरपार, मागच्या रस्त्याकडे.

मी सायकल तशीच आडवी टाकली. जवळ गेलो.

"भावोजी... ताई समोर आहे तुमच्या."

त्यांनी वेड्यासारखा हात पुढे केला. "कुठे? इथे?"

"थोडं उजवीकडे. वर... हां, तिथेच."

ताईने मान कलती केली आणि गाल त्यांच्या तळहातावर टेकवला. डोळे मिटले. माझी सख्खी बहीण. मी बघत होतो.

भावोजींची बोटं हवा चाचपत होती.

"काहीच लागत नाही रे," ते रडत म्हणाले. "उल्हास, मला काहीच लागत नाही!"

ताईने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. ओठ हलले... शब्द आला नाही.

मागून ट्रकचा हॉर्न वाजला. नदीचा आवाज कानांवर आदळला. समोर फक्त भावोजी होते, हात तसाच पुढे धरून.

गोंगशानच्या गेस्टहाउसमध्ये बाईने विचारलं, दोघंच ना?

"तीन," भावोजी म्हणाले. एवढा शब्द ते शिकले होते.

तिने दारातून बाहेर डोकावून बघितलं. मान हलवली. "दोघंच."

पुढच्या गावातही दोघंच. कोणी मागे बघून हसलं नाही. ब्रेकचा आवाजही पुन्हा आला नाही.

परतीच्या बसमध्ये भावोजी खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "काही लागत नाही असं बोलून गेलो ना मी... ऐकलं असेल तिने."



भावोजी अजून यिशुनलाच राहतात. भेटले की गप्पा मारता मारता मध्येच थांबतात. MRT ट्रेनच्या प्लॅटफॉर्मवर, कधी त्यांच्या फ्लॅटच्या दारात. हळूच म्हणतात, "उल्हास, जरा बघ ना."

मी बघतो. "नाही, भावोजी."

ते मान हलवतात आणि बोलणं पुढे सुरू करतात.

पण बघण्याआधी दर वेळी मनात एकच येतं. ती दिसली तर...

सांगू की नको, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.