सागाआडचा पिंगळा

पुन्हा आला! जागृतीने श्वास रोखला. सागाच्या पानांआडून तोच आवाज – आधी लांब, गोड शीळ, मग जराशी थरथर. रानपिंगळा! म्हसावदच्या वरच्या या उतारावर कितीतरी हिवाळे तंगडतोड करूनही जो तिच्या वाट्याला आला नव्हता, तो आज चक्क बोलत होता.

तिने ओठांपुढे तळवे धरले आणि तशीच शीळ घातली. लगेच उत्तर! पुन्हा घातली, पुन्हा उत्तर! बाई गं, हा आनंद ठेवायचा तरी कुठे? तिने घाईघाईने तो आवाज मोबाईलवर टिपला आणि ‘पाखरांची चावडी’वर टाकलाही – "रानपिंगळा! नक्की!"

चावडी म्हणजे तिनेच सुरू केलेला व्हॉट्सअॅप ग्रुप. सगळे पाखरांचे वेडे. प्रत्येकाच्या नावापुढे फोटो पाखराचाच, म्हणून तोंडओळख कुणाचीच नाही. जागृतीचा फोटो हळद्याचा. गावात ब्लाऊज शिवता शिवता ती ग्रुप चालवायची, आणि तिचा नियम भलता कडक – चुकीची नोंद टाकली की महिनाभर बाहेर.

फोन किणकिणायला लागला. शहाद्याच्या प्रतिभाताई तर लिहून मोकळ्या झाल्या, "निघालेच मी!"

जागृती दबकत पुढे सरकली. एक झाड... दुसरं... तिसऱ्यामागे डोकावली, तर पिंगळा उभा! उंचपुरा, कानाला मफलर, तळवे ओठांपुढे.

"अरे देवा! तुम्ही?"

"माले वाटनं, खरा पिंगळाच जबाब दी ऱ्हायना!" तो हसत सुटला. मग तिच्या फोनवरचा हळद्याचा फोटो बघून एकदम थांबला. "हळद्या? म्हंजे... जागृती? मी अजित. कोरीटना. वेडा राघू!"

हाच तो! रोज सकाळी कोरीटच्या आपल्या मिरचीच्या शेतातून एक तरी पाखरू धाडणारा, प्रत्येक ओळखीवरून तिच्याशी हुज्जत घालणारा वेडा राघू! गेल्या आठवड्यात तो साध्या पिंगळ्याला रानपिंगळा म्हणाला, आणि तिने त्याला बाहेर काढलं. तेव्हापासून चावडी ओस वाटत होती... पण हे तिने शिलाई मशीनलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"खरा पिंगळा दखाडसू तं तुम्ही परत घेशात, म्हणीसन उनू," तो खाली मान घालून म्हणाला. खरा पिंगळा टिपून ग्रुपात परत यायचं होतं तर त्याला!

"आनि तुमना आवाज आते आख्खी चावडी ऐकी ऱ्हायनी!" जागृतीने कपाळाला हात लावला.

"मंग गप ऱ्हावो ना. मी कोनले सांगाव नही."

निभावलंही असतं. थंडीची परदेशी पाखरं आत्ता कुठे उतरू लागली होती. ऐन मोसमात महिनाभर आपल्याच ग्रुपबाहेर बसायचं? तिच्या अगदी जिवावर आलं. पण याला बाहेर काढायचं आणि स्वतःला माफ करायचं?

"नही," ती म्हणाली. तिने लगेच लिहिलं – "चुकीची नोंद. आवाज माणसाचा. प्रतिभाताई, येऊ नका, आणि ग्रुप आता तुम्ही सांभाळा. मी महिनाभर बाहेर." धाडलं, आणि बाहेर पडली. डोळे भरून आले ते आलेच.

अजित तिच्याकडे बघतच राहिला. "मी तुमनावर महिनाभर रुसनार व्हतू," तो हळूच म्हणाला, "आते ते बी जमाव नही."

ती रडता रडता हसली. त्याने फोनवर काहीतरी टकटक केलं... आणि तिचा फोन वाजला. नवा ग्रुप – ‘बाहेरना लोके’. आत दोघंच, हळद्या आणि वेडा राघू. पहिली नोंद अगदी तिच्याच शिस्तीत – "ठिकाण: म्हसावदच्या वर, सागाखाली. काय दिसलं: जिच्यावर कधीपासून जीव जडलाय, ती. संख्या: एक. खात्री: पूर्ण."

जागृतीचे कान तापले. "ओळख पक्की शे का?" आवाज तिने मुद्दामच कडक ठेवला.

"पक्की! चुकनू तं काढी टाका... पन महिनाभरच, बरं का!"

तिने खाली बघत लिहिलं – "नोंदीत चूक आहे."

अजितचा चेहरा झर्रकन उतरला. तेवढ्यात दुसरी ओळ आली –

"संख्या दोन करा."