माझ्या एक दिवस पुढे

सोगच्या मुक्कामघरी पोहोचलो तेव्हा डाव्या टाचेचा फोड फुटला होता आणि मला गरम सूपखेरीज जगात काही नको होतं. ल प्वीहून कोंकच्या यात्रेच्या पायवाटेने निघून दोन दिवस झाले होते. आयुष्यभर मी रस्ते मोजण्याची सरकारी नोकरी केली, पण रस्ता पायाला असा लागतो हे बासष्टाव्या वर्षी कळत होतं.

दार मादाम पाजेसनी उघडलं.

"काय विसरलंत?"

"काही नाही. मी रेजिस व्हायसे. फोनवर खाट सांगून ठेवली होती."

"अहो, नाव ठाऊक आहे मला. कालच नाही का राहून गेलात? त्या दोघी जर्मन बायका सकाळी तुमच्या घोरण्याच्या नावाने खडे फोडत गेल्या."

मला थट्टा समजत नाही, असं माझी बायको म्हणायची. मी पाहुण्यांची नोंदवही मागितली. कालच्या तारखेसमोर माझं नाव होतं. अक्षर माझं. आडनावाखाली मी शाळेपासून मारत आलेली दुहेरी रेघसुद्धा होती. मी माझी यात्रेकरूची, मुक्कामागणिक शिक्का घ्यायची वही काढून त्यांच्यापुढे आपटली. काल रात्रीचा शिक्का मागच्या मुक्कामाचा, सँ-प्रिव्हाचा होता, इथला रकाना कोरा होता.

"मग काल आलेला कोण होता?" मादाम म्हणाल्या.

"तेच तर मी विचारतोय!"

त्यांनी खांदे उडवले आणि सूप वाढलं. माझ्या नावावर कुणीतरी फुकट मिरवतोय, असा हिशेबी निष्कर्ष काढून मी झोपलो. झोप कसली, रात्रभर चरफडलो.

खिशात सोलेनचं, माझ्या मुलीचं पत्र होतं. चार वर्षांत ती माझ्याशी एक शब्दही बोलली नव्हती. तिची आई, मारीव्होन, दवाखान्यात वारली त्या दिवशी मी पोहोचलो नाही, एवढंच तिला माहीत. पत्रात लिहिलं होतं : 'आईला कोंकपर्यंत चालायचं होतं. तू दर वर्षी पुढच्या वर्षावर ढकललंस. आता तू चालत ये माझ्याकडे कोंकला, सगळी वाट. रविवारी दुपारी जेवायला ये. गाडीत बसून आलास तर दार उघडणार नाही.' सोलेन बोलते ते करते. हा गुण तिच्यात माझ्याकडून आलेला नाही.

पुढच्या दोन मुक्कामांनाही तेच. "परत आलात?" "रस्ता चुकलात की काय?" एका ठिकाणी तर माझ्या खाटेवरची चादर बदलायलाही तयार नव्हते, तुमचीच आहे म्हणाले. मी ठरवलं, याला गाठायचाच. एका दिवसात दोन टप्पे मारले. ओब्राकच्या पठारावर वारा अंगातून जात होता, गाई सोडून चिटपाखरू नव्हतं, आणि मी रागाच्या भरात पळत सुटल्यासारखा चालत होतो.

ओब्राकला अल्सिद नावाचा म्हातारा मुक्कामघर चालवतो. तो चुलीपाशी बटाटा आणि चीज घोटत उभा होता.

"काल बटाटे सोलायला बसलात, आज नुसतेच बसलात," तो म्हणाला. "कालचे तुम्ही बरे होतात."

"काल मी इथे नव्हतो. काल मी दोन टप्पे मागे होतो."

"हो, तेच सांगत होतात. दोन टप्पे एका दिवसात मारले म्हणून." त्याने पळी थांबवली. आवाज खाली आणून म्हणाला, "ते बायकोचं सांगितलंत ना, पार्किंगचं, बोललात ते बरं झालं."

मी हातातला पाव खाली ठेवला.

मी दवाखान्यात पोहोचलो होतो. पाऊण तास खाली पार्किंगमध्ये गाडीत बसून होतो. वर तिसऱ्या मजल्यावर तिची खिडकी दिसत होती. मला जिना चढवला नाही. मी गाडी वळवली आणि घरी गेलो. हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं, कबुलीजबाबात पाद्र्यालासुद्धा नाही.

मला भीती वाटायला हवी होती. मला राग आला. ते सांगायचा हक्क माझा होता. सोलेनपुढे ते एकदाच बोलायचं, म्हणून तर मी टाचा सोलत निघालो होतो, आणि हा गावोगावच्या जेवणाच्या टेबलांवर ते वाटत सुटला होता. वर लोकांना तो माझ्यापेक्षा जास्त आवडत होता.

दोन टप्प्यांचा सूड पायाने घेतला. नंतरचे दोन दिवस मी जेमतेम अर्धा टप्पा रेटला. तोही तेवढाच चालला. अंतर एक दिवसाचं ते एक दिवसाचंच राहिलं.

शनिवारी सकाळी मी एस्तैंला होतो. निघणाऱ्याची वर्दी पुढच्या मुक्कामाला फोनवरून द्यायची, ही या वाटेवरची रीत. मुक्कामघराच्या मालकिणीने गोलिन्याकला फोन लावला आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ती म्हणते, व्हायसे साहेब आत्ताच कॉफी घेऊन निघाले. दुपारी लेकीकडे जेवायला जायचंय म्हणाले."

मी सोलेनला फोन लावला. तिने उचलला नाही. दारात पाठपिशव्या पोहोचवणारी गाडी उभी होती. चालकबाईने माझ्या पायाकडे बघितलं.

"बसा की. शेवटी सगळेच बसतात, त्यात लाजायचं काय?"

मी बसलो.

गाडी जागोजाग पिशव्या उतरवत दुपारपर्यंत रेंगाळली. गोलिन्याकच्या बरंच पुढे, कोंकच्या थोडं अलीकडे, रस्ता आणि पायवाट शेजारून जातात. कुंपणाच्या पलीकडे एकजण चालत होता. माझ्यासारखीच राखाडी पाठपिशवी. डावा पाय ओढत होता. गुडघ्यापर्यंत चिखल. गाडी शेजारून गेली तेव्हा मी मान खाली घातली. त्याने बघितलं की नाही, मला माहीत नाही.

सोलेनचं घर कोंकच्या वरच्या अंगाला आहे. तिने दार उघडलं. ती आईसारखी दिसायला लागली होती.

"शनिवारी?" ती म्हणाली. मग जरा थांबून, "चालत आलास?"

"चालत," मी म्हणालो.

"सगळी वाट?"

"सगळी."

तिने माझ्या बाहीला हात लावला आणि मला आत घेतलं. सूप वाढलं. समोर बसली. चार वर्षांनी माझी मुलगी माझ्यासमोर बसली होती. मी चमचा ठेवला. आता बोलायचं, म्हणून तोंड उघडलं, आणि मीठ मागितलं.

दारावर थाप पडली. दमलेल्या माणसाची.

"सोलेन, उघडू नकोस."

"का?"

ती उठून गेली.

जागेवरून मला फक्त तिची पाठ दिसत होती. बाहेर कुणीतरी धापा टाकत होतं. मग माझाच आवाज आला, हळू, कुठेही न अडखळता.

"मी आलो होतो गं. पाऊण तास खाली पार्किंगमध्ये बसून होतो. वर यायचा धीर झाला नाही."

ती रडली, लहानपणी रडायची तशी, मोठ्याने. मी खुर्चीला खिळून ऐकत राहिलो.

ती एकटीच आत आली. दार उघडंच होतं, बाहेर तो अजून धापा टाकत होता. माझ्या तोंडाकडे तिने बघितलं नाही. वाकून टेबलाखाली माझे बूट बघितले. ते कोरडे होते.

तिने माझ्यासमोरची सुपाची थाळी उचलली, मोरीत ओतली. नळाखाली धुतली, फडक्याने पुसली, आणि परत माझ्याच जागी मांडली.

मग माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, मी उठण्याची वाट बघत उभी राहिली.