उजव्या बाजूची ग्रिप

कोकमं आणि जाडे पोहे संपले म्हणून उत्तराने मला शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूच्या देशी दुकानांकडे पिटाळलं होतं. बर्फ सुरू व्हायच्या आत परत या, असं तिने बजावलं होतं, आणि लग्नाला इतकी वर्षं झालेले नवरे जे करतात तेच मी केलं. बर्फ सुरू झाल्यावर निघालो. नेपरव्हिलला घरी पोचलो तेव्हा संध्याकाळचा चहाही व्हायचा होता, पण डिसेंबरात इकडे दिवस लवकर आटोपतो. अंधारात गॅरेजसमोर प्रसन्न उभा होता. डोक्यावर, खांद्यावर बर्फ साचलेला.

"अरे, बेल मारायची की! काकू आहे घरात."

"काकूंना नको, काका. त्या रडतात."

खरं होतं ते. रविवारच्या मराठी शाळेत उत्तरानेच त्याला अक्षरं गिरवायला शिकवलं होतं, त्याचा उजवा हात आपल्या हातात धरून. तो हात आता नव्हता. मागच्या वर्षी मोटरसायकलसमोर हरीण आडवं आलं आणि गाडी रस्त्याकडेच्या गवतात जाऊन पडली. प्रसन्न वाचला, पण डॉक्टरांना हात कोपराखाली काढावा लागला.

हात गेला, दुखणं मात्र गेलं नाही. नसलेला हात दुखतो हे डॉक्टरांनाही ठाऊक असतं. त्यावर औषधं आहेत, आरशासमोर बसून करायचे व्यायाम आहेत. प्रसन्नने सगळं करून पाहिलं. त्याचं म्हणणं एकच होतं, की ती मूठ अजून थ्रॉटलवर, म्हणजे वेग वाढवायच्या ग्रिपवर, आवळलेली आहे. हरीण दिसलं तेव्हा आवळली, ती सुटलीच नाही. नखं तळव्यात रुततात. त्यापायी झोप गेली, मग नोकरी गेली. त्याची आई आमच्याकडे येऊन म्हणाली होती, की त्याला घरात एकटं सोडायची आता भीती वाटते.

मी निवृत्त मेकॅनिकल इंजिनियर. गॅरेजमध्ये जुन्या मोटरसायकली दुरुस्त करून चालत्या करणं हा माझा छंद; उत्तराच्या भाषेत, खूळ. एका हाताने चालवता येईल अशी गाडी करून द्या, असं प्रसन्न म्हणाला, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. कितीतरी महिन्यांनी पोराने काहीतरी मागितलं होतं.

त्याला हँडल अगदी साफ हवं होतं, बाहेर एकही वायर न दिसणारं. म्हणून आतला थ्रॉटल. यात केबल हँडलच्या नळीतूनच जाते. ग्रिपच्या आत मळसूत्री खाच असते. ग्रिप पिळली की त्या खाचेतून एक छोटा ठोकळा सरकतो आणि केबल ओढतो. बाजारात मिळतो तो उजव्या हाताचा. प्रसन्नला हवा होता डावा, म्हणजे खाचही उलटी. ती मी माझ्या लेथवर कापली. क्लच पायाकडे दिला. विकत आणलेला उजवा तसाच डब्यात पडून राहिला.

"तो राइट साइडला लावा ना, काका."

"कशाला? कार्बोरेटर एक, थ्रॉटल एक. तो जोडू कशाला?"

"कशालाच नको. फक्त स्प्रिंग द्या. उघडता आला पाहिजे, अँड इट शुड क्लोज."

"आणि पिळणार कोण?"

त्याने तो डब्यातून काढून माझ्या हातात दिला. मी कामाला लागलो. नळीच्या कडेला कानस मारली, ग्रीस लावलं, ठोकळ्याला स्प्रिंग अडकवली आणि उजवी ग्रिप बसवली. इंजिनाशी तिचा काही संबंध नव्हता.

त्या बर्फाच्या संध्याकाळी शेवटचं काम राहिलं होतं. थ्रॉटलची परीक्षा एकच असते. उघडायचा आणि सोडायचा. सोडल्याबरोबर तो आपणहून मिटला पाहिजे. नाही मिटला, तर गाडी माणसाला घेऊन जाते. मी शटर खाली ओढलं, हीटर लावला. प्रसन्नने गाडीवर बसून डावी ग्रिप पिळली आणि सोडली. टक्. झकास मिटली. मी स्वतःवर खूश होऊन फडक्याला हात पुसत होतो, तेवढ्यात स्प्रिंग ताणल्याचा बारीक आवाज आला.

उजवी ग्रिप फिरत होती.

सावकाश, अगदी शेवटपर्यंत फिरली आणि तिथेच थांबली. आत ताणलेली स्प्रिंग तिला मागे ओढत असणार, पण ग्रिप हलेना. हीटरची घरघर तेवढी चालू होती. मग वास आला. ओल्या गवताचा आणि तापलेल्या रबराचा... बंद गॅरेजमध्ये, भर डिसेंबरात.

"काका..." प्रसन्न कुजबुजला. "दॅट्स मी."

"अडकलीय रे ती. ग्रीस कमी पडलं असेल." हे मी त्याला सांगत होतो की स्वतःला, देव जाणे. ग्रिप मोकळी करायला मी उजवा हात पुढे केला आणि तिच्यावर ठेवला.

हाताला रबर लागलंच नाही. त्याआधी काहीतरी लागलं. गार, टणक उंचवटे, एकाशेजारी एक. बोटांचे सांधे होते ते. डोळ्यांना नुसती काळी ग्रिप दिसत होती, आणि माझ्या तळव्याखाली कुणाची तरी आवळलेली मूठ होती.

पण मी हात काढला नाही, कारण ती मूठ थरथरत होती. तापात लेकरू थरथरतं तशी. बिचारीला कुणी काही सांगितलंच नव्हतं. धरून ठेव, एवढंच तिला शेवटचं सांगितलं होतं, आणि ती धरून बसली होती. मला एकदम भडभडून आलं.

"सोड रे बाळा," मी म्हणालो. "गाडी कधीच थांबली. सोड आता."

काही झालं नाही. अमेरिकेत जन्मलेला हात. माझ्या मराठीला किती जुमानणार?

"प्रसन्न, तू सांग. तुझं ऐकेल."

त्याने डावी ग्रिप पुन्हा पूर्ण उघडली. दोन्ही बाजू आता सारख्या होत्या. तो उजव्या बाजूकडे बघत राहिला.

"इट्स ओके," तो शेवटी म्हणाला. "वी स्टॉप्ड... यू डिड गुड. लेट गो."

आणि डावा हात सोडला.

टक्.

क्षणभर काहीच नाही. मग माझ्या तळव्याखालची बोटं एकेक करून सैल झाली. करंगळी आधी. अंगठा सगळ्यात शेवटी. आणि उजवी ग्रिप मिटली.

प्रसन्न टाकीवर डोकं टेकून हुंदके देऊन रडला. मीही रडलो, त्यात लाजायचं काय? बऱ्याच वेळाने त्याने मान वर केली.

"इट्स गॉन, काका. दुखत नाहीये. तिथे काहीच नाहीये... एम्प्टी वाटतंय."

जाताना त्याने डावा हात पुढे केला. मी माझ्या डाव्या हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला.

जेवणं झाल्यावर त्याच्या आईचा फोन आला. घरी आल्याबरोबर प्रसन्न बूटही न काढता सोफ्यावर आडवा झाला होता आणि घोरत होता. त्याचं घोरणं ऐकत ती शेजारीच बसून होती, हे सांगताना तिला शब्द सुचत नव्हते. उत्तराने डोळे पुसले, देवापाशी साखर ठेवली आणि माझ्याकरता चहा टाकला. मला फार बरं वाटलं. पोरगा वाचला होता.

फक्त माझा उजवा हात जड झाला होता. इतके दिवस कानस चालवल्यावर होणारच, असं मी मनाशी म्हटलं. उत्तराने बामची बाटली आणली आणि माझ्या उजवीकडे बसून, टीव्हीवरची मालिका बघता बघता, माझा हात चोळायला लागली. तिची नजर पडद्यावर होती. चोळता चोळता ती मध्येच थांबली.

"अहो, दुखतोय तो एकच ना?" ती टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाली. "मग दोन्ही हात कशाला दिलेत? आणि हा दुसरा केवढा गार पडलाय!"

माझ्या डाव्या हातात चहाचा कप होता.